अंकविनोद : वारांच्या वेगळ्या चुली

आंबिवली स्टेशनावरून मोहन्यास येणारी वाट परत स्टेशनासही नेते. गणितांत मात्र पुष्कळ वाटा एकेरी असतात. तेथें ‘जोडलेलें आहे काय?’ या प्रश्नाच्या पोटीं ‘परत येतां येतें काय?’ हा दुसरा प्रश्न दडलेला असतो.

रविवारास ०, सोमवारास १, याप्रमाणें शनिवारास ६ पर्यंत अंक द्या. बेरीज वा गुणाकार करून सातानें भागावें व बाकी तेवढी ठेवावी. ७ ही मूळसंख्या असल्यामुळें येथें शून्याखेरीज कोणत्याही अंकानें भागाकारही चालतो. अशा सान्त अंकसृष्टीचा पाया गाल्वा या फ्रेंच तरुणानें १८३० सालीं घातला. १८३२ सालीं, अवघ्या वीस वर्षांचा असतां, तो द्वंद्वयुद्धांत जखमी होऊन निवर्तला.

आतां प्रत्येक वारापासून त्याच्या वर्गाकडे बाण काढा. बुधवारचा वर्ग ९, बाकी २. म्हणून बुध मंगळाकडे जातो. शुक्र गुरूकडे, मंगळ व गुरु एकमेकांकडे. शनि सोमाकडे, सोम स्वतःकडेच, आणि रवि एकटा. एका घरांत तीन चुली झाल्या! शिवाय बुध गेला तो गेलाच. त्याच्याकडे येणारा बाण एकही नाहीं. वर्गाऐवजीं तिप्पट करा : सोम, बुध, मंगळ, शनि, गुरु, शुक्र, पुनः सोम. रवि वेगळाच राहिला. पण बाकीचे सहा एका फेऱ्यांत आले व प्रत्येकास परतीची वाट मिळाली. घर तेंच, माणसें तींच. पालटला तो नियम.

या जातीचें उत्तम उदाहरण आपल्याच एका शिक्षकाचें आहे. डहाणूस जन्मलेले व देवळालीस शिकविणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनीं चार अंकी संख्यांस असाच एक नियम लावला. अंक उतरत्या क्रमानें मांडून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी. १९४७ घ्या : ९७४१ − १४७९ = ८२६२; पुढें ६३५४, ३०८७, ८३५२ आणि ६१७४. येथें वाट संपते; कारण ७६४१ − १४६७ = ६१७४! चारही अंक सारखे असतील तर शून्य येतें. इतर प्रत्येक संख्या अधिकांत अधिक सात पावलांत ६१७४ पाशीं पोंचते. हजारों संख्या, चुली दोनच.

कापरेकरांजवळ पदव्युत्तर पदवी नव्हती. पुष्कळांनीं हा पोरखेळ मानला. १९७५ सालीं अमेरिकेंतील मार्टिन गार्डनर यांनीं त्यांच्यावर लिहिलें, तेव्हां त्यांचें नांव जगभर झालें. घरांतील मूल पाटीवर असे आंकडे मांडीत बसलें, तर त्यास ‘अभ्यास कर’ म्हणून उठवूं नये. तें अभ्यासच करीत असतें.

मुलांनीं आतां वर्गाऐवजीं घन करून वारांच्या चुली मोजाव्या.