साक्रीत प्लॉट किंवा शेत घेताय? इसार देण्याआधी 'सर्च' करून घ्या

अमेरिकेत घर किंवा रिसॉर्टमधला टाइमशेअर घेताना मध्ये टायटल एजंट असतो. तो मालकी तपासतो, पैसे आपल्याकडे ठेवतो आणि कागद पक्के झाल्यावरच ते विक्रेत्याला देतो. आपल्याकडे असा माणूस नाही. साक्रीत इसार थेट मालकाच्या हातात जातो आणि दलालाचं लक्ष कमिशनकडे असतं.

'खरेदीखत रजिस्टर झालं म्हणजे काम झालं' हा मोठा गैरसमज. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतात. विकणारा खरा मालक आहे का, हे ठरवणं त्यांचं काम नाही. तमिळनाडूतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२५ मध्ये हेच सांगितलं.

म्हणून वकिलाकडून साधारण ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. जुने फेरफार वाचून घ्या. वारसांतून बहिणींची नावं कधी आणि कशी कमी झाली, ते तिथंच कळतं. सातबाऱ्यावर सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा आहे का, तेही बघा.

साक्री तालुक्यात तर आदिवासी खातेदार मोठ्या संख्येनं आहेत. त्यांची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ तसं सांगतं. 'परवानगी नंतर काढून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

आणि वकील तुमचा हवा. विक्रेत्यानं हातात ठेवलेला तयार रिपोर्ट चालणार नाही.