मोजणाऱ्यांत आपणही हवेत

बारावी सायन्सला मूल गेलं की आपल्या घरांत एकच शब्द घुमतो: नीट. नीट हुकली की बी.एस्सी.ला नाव घालायचं आणि 'पुढचं पुढे बघू' म्हणायचं. डॉक्टर न होताही सार्वजनिक आरोग्यात मोलाचं काम करता येतं आणि त्यासाठी जैवसांख्यिकी, म्हणजे बायोस्टॅटिस्टिक्स, हा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

आपल्या समाजाबद्दल सगळ्यात जास्त बोललं जातं ते आकड्यांच्या भाषेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ मध्ये मुस्लिम स्त्रियांचा जननदर ४.४१ होता, हिंदू स्त्रियांचा ३.३०. २०१९-२१ मध्ये ते अनुक्रमे २.३६ आणि १.९४ झाले. म्हणजे फरक १.११ वरून ०.४२ वर आला. शिवाय केरळातल्या मुस्लिम स्त्रियांपेक्षा बिहारमधल्या हिंदू स्त्रियांचा जननदर जास्त आहे. मग फरक धर्माचा, की शिक्षण, उत्पन्न आणि आरोग्यसेवेचा? ही कारणं एकमेकांपासून सोडवून प्रत्येकाचा वाटा मोजणं, हेच या शास्त्राचं काम.

हे शास्त्र कुणाची वकिली करत नाही. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडी परिसरात गोवरचा उद्रेक झाला, लहान मुलं दगावली. एक बाजू म्हणाली, 'हे लोक लसच घेत नाहीत.' दुसरी म्हणाली, 'आम्हाला बदनाम करतात.' किती मुलांची लस राहिली, कोणत्या गल्लीत राहिली आणि का? नकार होता, स्थलांतर होतं, की कोविडकाळात लसीकरणच विस्कळीत झालं होतं? याचं उत्तर मोजल्याशिवाय मिळत नाही. ते आपल्याला रुचणारं नसलं तरी मांडावं लागतं. पुढच्या वेळी मूल वाचवायचं तर हाच मार्ग आहे.

देशभरातलं हे कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ पासून मुंबईतच आहे, देवनारला, गोवंडी स्टेशन रोडवर. तिथे जैवसांख्यिकी आणि लोकसंख्याशास्त्रात दोन वर्षांची एम.एस्सी. करता येते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही जैवसांख्यिकीची एम.एस्सी. आहे. गणित किंवा संख्याशास्त्रात पदवी असलेल्यांना हा रस्ता जवळचा. इंजिनिअरांनी प्रत्येक संस्थेची पात्रता नीट तपासावी. आमच्या सॉफ्टवेअर क्षेत्रातल्यांना कोडिंग येतं, पण नमुना कसा निवडायचा आणि योगायोग कुठे संपतो हे वेगळं शिकावं लागतं. त्यासाठी संभाव्यता आणि रिग्रेशन पक्कं करा. 'आर' ही संगणक प्रणाली मोफत आहे, ती आजपासून हाताळता येईल.

औषध कंपन्यांच्या चाचण्यांत पगार चांगला मिळतो. सरकारी आरोग्य कार्यक्रम, सर्वेक्षणं आणि सामाजिक संस्थांत तुलनेने कमी. हे घरच्यांना आधीच सांगावं. पण क्षयरोग कोणत्या वस्तीत वाढतोय, कुठल्या मुली रक्तक्षयाने थकल्यात, हे ठरवणाऱ्या टेबलापाशी बसायला आपलीही माणसं हवीत.

मोहल्ल्यातल्या करिअर मार्गदर्शन शिबिरांत नीटच्या बरोबरीने या विषयाला एक तास द्या. आणि गणितात रमणारी एखादी मुलगी घरात असेल, तर तिला 'गणित घेऊन काय करणार?' असं विचारू नका. तिला हा रस्ता दाखवा.