अ‍ॅप म्हणतं 'पिन बरोबर आहे'. पण खात्री कुणी केली?

हिंगोलीच्या बाजार समितीत हळदीचा लिलाव झाला की पोती काट्यावर चढतात. मापाडी आकडा मोठ्यानं सांगतो, अडत्याचा मुनीम तो ऐकून लिहितो. आता समजा, या दोघांच्या मध्ये तिसराच एक माणूस उभा राहिला. मापाडी म्हणाला '५२ किलो' आणि यानं मुनिमाला सांगितलं '४९'. काटा खरा, मापाडी खरा, मुनीमही प्रामाणिक. तरी शेतकऱ्याचे तीन किलो गेलेच.

तुमच्या मोबाइलमधल्या चालू अ‍ॅपमध्येही असा मधला माणूस उभा करता येतो. त्या तंत्राला 'हूकिंग' म्हणतात. चोर ते वापरतात आणि चोरांच्या आधी दोष शोधणारे सुरक्षा तपासनीसही वापरतात. माझं स्पष्ट मत आहे की, आपल्या पैशाचं किंवा सातबाऱ्याचं काम करणाऱ्या प्रत्येक अ‍ॅपची ही परीक्षा व्हायलाच हवी. मोठ्या बँकांपाशी ती थांबता कामा नये.

हूकिंग म्हणजे नेमकं काय?

कुठलंही अ‍ॅप हे हजारो छोट्या फंक्शनचं बनलेलं असतं. एक फंक्शन पिन तपासतं, एक लोकेशन विचारतं, एक माहिती कुलूपबंद करून सर्व्हरकडे पाठवतं. प्रत्येकाला काहीतरी विचारलं जातं आणि ते उत्तर देतं.

हूकिंगमध्ये अ‍ॅप सुरू असताना फोनच्या मेमरीत बदल केला जातो. त्यामुळे ठरावीक फंक्शनला हाक मारली की ती आधी तपासनिसाच्या कोडकडे जाते. तिथे तीन गोष्टी करता येतात : आत काय गेलं ते पाहणं, बाहेर काय आलं ते पाहणं आणि हवं तर उत्तरच बदलणं. 'नाही'चं 'हो' करणं! अ‍ॅप बंद केलं की हा बदलही जातो.

यासाठी जगभर वापरलं जाणारं प्रसिद्ध साधन म्हणजे 'फ्रिडा'. नॉर्वेच्या ओले आंद्रे राव्नास यांनी ते सुरू केलं. ते मोफत आणि मुक्त स्रोत आहे. जावास्क्रिप्टच्या काही ओळी लिहिता येणाऱ्या विद्यार्थ्यालाही ते शिकता येतं. तपासणी करणारे यासाठी वेगळा फोन आणि चाचणीसाठीचं खातं वापरतात.

अ‍ॅपचा कोड वाचून काम भागत नाही का?

अर्धंच भागतं. बरेच अ‍ॅप कोडची मुद्दाम गुंतागुंत करून बाजारात येतात. काही गुप्त किल्ल्या तर अ‍ॅप सुरू झाल्यावरच मेमरीत तयार होतात. विहिरीवरच्या मोटारीचं माहितीपत्रक कितीही वाचा, ती पाणी ओढते की नाही हे बटण दाबल्यावरच कळतं.

बोटाच्या ठशाचं उदाहरण घ्या. काही अ‍ॅप फोनला फक्त एवढंच विचारतात, 'ठसा जुळला का?' फोन 'हो' म्हणाला की दार उघडतं. हे 'हो' हूकिंगनं बनवता येतं, बोट लावायचीही गरज नाही. नीट बांधलेलं अ‍ॅप मात्र फोनच्या सुरक्षित कप्प्यातली किल्ली ठशाशी बांधून ठेवतं. खरा ठसा लागल्याशिवाय ती किल्ली कामच करत नाही. तिथे नुसत्या खोट्या 'हो'नं काही हाती लागत नाही. बाहेरून दोन्ही अ‍ॅप सारखीच दिसतात. फरक कळतो तो चालू अ‍ॅपमध्ये हूक लावल्यावर.

मग उपाय काय?

फोनच्या शब्दावर शेवटचा निर्णय ठेवायचा नाही. पिन, रक्कम, शिल्लक, मर्यादा यांची तपासणी सर्व्हरवर पुन्हा झाली पाहिजे. काही कंपन्या हूकिंग ओळखणारा कोड अ‍ॅपमध्येच घालतात. त्यानं चोराचा वेळ जातो, म्हणून तो असावाच. पण तो कोडही त्याच फोनमध्ये चालतो, म्हणजे त्यालाही हूक लागू शकतो.

मधल्या खोट्या उत्तराची किंमत महाराष्ट्रानं मोजली आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटींहून अधिक रुपये लुटले गेले. तो हल्ला मोबाइल अ‍ॅपवर नव्हता. हल्लेखोरांनी एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी खोटी यंत्रणा उभी केली आणि तीच 'पैसे द्या' म्हणत राहिली. पैसे अनेक देशांतल्या एटीएममधून निघाले. जागा वेगळी असली तरी धडा एकच : 'हो' कोण म्हणतंय, हे तपासलंच पाहिजे.

हिंगोलीशी याचा काय संबंध?

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. वसमतचा हळद उत्पादक असो की सेनगावचा सोयाबीनवाला, पिकाची नोंद तो फोनवरून करतो. ही नोंद सातबाऱ्यावर जाते, नुकसानभरपाई आणि हमीभाव खरेदीत तिचा उपयोग होतो. या अ‍ॅपमध्ये दोष आहे असं मी म्हणत नाही. पण लोकेशन आणि फोटोवर चालणाऱ्या कुठल्याही सरकारी अ‍ॅपला हा प्रश्न विचारायलाच हवा : फोननं खोटं लोकेशन सांगितलं, तर पुढे ते पकडणारी सोय आहे का?

बँकांचं चित्र अधिक बोलकं आहे. रिझर्व्ह बँकेनं १८ फेब्रुवारी २०२१ रोजी डिजिटल पेमेंटच्या सुरक्षेचे निर्देश काढले. त्यात दर सहा महिन्यांनी दोषतपासणी आणि वर्षातून एकदा प्रत्यक्ष हल्ला करून पाहणारी चाचणी सांगितली होती. पण ते निर्देश काढताना ग्रामीण बँका वगळल्या होत्या आणि सहकारी बँकाही त्या यादीत नव्हत्या. त्यांच्यासाठी सायबर सुरक्षेच्या वेगळ्या चौकटी आहेत, हे खरं. छोट्या बँकेला खर्च झेपत नाही, हेही खरं. पण औंढ्याच्या शेतकऱ्याचं पीककर्ज ज्या बँकेत आहे, तिच्या अ‍ॅपला सौम्य परीक्षा का? बँक लहान असली तरी खातेदाराचं नुकसान लहान नसतं. खर्चाचा प्रश्न असेल तर अनेक बँकांनी मिळून एकच तपासणी पथक नेमावं. आणि शेवटची चाचणी कधी झाली, ती तारीख अ‍ॅपमध्येच खातेदाराला दिसावी.

हे कायदेशीर आहे का?

स्वतः बनवलेल्या किंवा मुद्दाम सरावासाठी तयार केलेल्या अ‍ॅपवर खुशाल शिका. दुसऱ्याच्या यंत्रणेत परवानगीशिवाय शिरलात, तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधली कलमं ४३ आणि ६६ लागू शकतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

इथेच एक अडचण आहे. सापडलेला दोष 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेला कळवता येतो. पण तपासायची परवानगी मात्र अ‍ॅपच्या मालकाकडूनच घ्यावी लागते. इंजिनीअरिंग करून गावी परतलेल्या पोरांकडे फ्रिडाही आहे आणि वेळही आहे. बँका आणि सरकारी खात्यांनी 'या अटींवर आमचं अ‍ॅप तपासा, दोष आम्हाला कळवा, कारवाई होणार नाही' असं लेखी जाहीर करावं. असं केल्यानं चोर शिकतील, ही भीती फोल आहे. त्यांना हे आधीच येतं आणि ते परवानगी मागत नाहीत.

तोवर तुम्ही काय करायचं?

अ‍ॅप अधिकृत स्टोअरमधूनच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल किंवा 'मॉड' अ‍ॅप टाकू नका. त्यात मधला माणूस आधीच बसवलेला असू शकतो. बँकेचं अ‍ॅप असलेला फोन रूट करू नका. आणि गिऱ्हाईक स्वतःच्या फोनवर 'पेमेंट यशस्वी' दाखवत असेल, तर पैसे आपल्या खात्यात दिसेपर्यंत माल देऊ नका. दुसऱ्याच्या फोनवर विश्वास न ठेवण्याचं हे शहाणपण किराणा दुकानदाराला आलं आहे. बँकेच्या सर्व्हरलाही ते यायला हवं.