खूण कोणती मागता?

अतिवृष्टी झाली, डोंगर खचला, की आपल्यातील काही श्रद्धावंत प्रकटीकरणाचे पुस्तक उघडून बसतात. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली व ८० हून अधिक माणसे दगावली. कापडे ज्या पोलादपूर तालुक्यात वसले आहे, तेथील केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. अशा घटनेला ‘देवाचा कोप’ आणि ‘युगान्ताची खूण’ म्हणणे हे माझ्या मते श्रद्धेचे नव्हे, निर्दयतेचे लक्षण आहे.

शिलोहचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, ते यरुशलेमकरांत अधिक पापी होते काय? लूकच्या तेराव्या अध्यायात प्रभूने या कल्पनेला ठाम नकार दिला आणि पश्चात्तापाचे आवाहन केले ते ऐकणाऱ्या जिवंतांना. मग तळियेच्या मृतांवर पापाचा शिक्का मारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? न्यायासन ख्रिस्ताचे आहे. आपण त्यावर बसू नये.

कोपाच्या खुणा शोधणारे मन कृपेच्या खुणांसाठीही तितकेच उतावीळ असते. २०१२ साली मुंबईत इर्ला येथील क्रूसमूर्तीच्या चरणांतून पाणी ठिबकू लागले व गर्दी लोटली. ते पाणी तुंबलेल्या निचऱ्यातून भिंतीत झिरपत असल्याचे विवेकवादी सनल एडामारुकू यांनी सांगितले. काहींनी त्यांच्याविरुद्ध पोलिसांत तक्रारी केल्या आणि त्याच वर्षी ते देश सोडून गेले. नळकामाच्या खुलाशाने ज्या श्रद्धेला धक्का बसतो, तिचा पाया कशावर रचलेला असतो? मे २०२४ मध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत विभागाने नवे नियम काढले. त्यांनुसार एखादी घटना अलौकिक आहे असे ख्रिस्तसभा सहसा जाहीरच करणार नाही. धर्ममाता एवढी सावध असता लेकरांनी एवढी घाई का करावी?

कोणी म्हणेल, ‘प्रभूने चमत्कार केलेच ना?’ केले, परंतु ते आंधळ्यासाठी, कुष्ठरोग्यासाठी, विधवेच्या अश्रूंसाठी. कुतूहलाने खूण पाहू इच्छिणाऱ्या हेरोदापुढे तो मौन राहिला. खूण मागणाऱ्या परूश्यांना त्याने एकच खूण देऊ केली, ती योनाची: तीन दिवस भूगर्भात आणि मग पुनरुत्थान. ती खूण मिळून चुकली आहे. रिकाम्या कबरीने ज्याचे समाधान होत नाही, त्याचे ओल्या भिंतीने कसे होणार? काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी ही गत आहे.

अंतिम न्यायाच्या दिवशी आपण किती खुणा ओळखल्या, हे विचारले जाणार नाही. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात प्रश्न अन्नाचा, पाण्याचा, वस्त्राचा, आश्रयाचा आहे. तेथे डाव्या बाजूचे लोकही आश्चर्याने विचारतात की, प्रभो, आम्ही तुला पाहिले तरी केव्हा? खुणेच्या शोधात त्यांनी आभाळ पाहिले असेल. दाराशी आलेला उपाशी मनुष्य मात्र पाहिला नाही. पुढच्या पावसाळ्यात डोंगराखालचे एखादे कुटुंब बेघर झाले, तर त्याच्या पापांची चर्चा करू नका. त्याला घरात घ्या.