पलटणीतील पूर्वज : होता तसा शोधावा

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या बौद्ध कुटुंबांत अलीकडे पूर्वजांच्या शोधाविषयी आस्था वाढू लागली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. शाळेत महायुद्धाचा धडा शिकून आलेली मुले घरी विचारतात, "आपल्यापैकी कोणी त्या युद्धात होते का?" बहुतेक घरांत उत्तर होकारार्थी असते, कारण 'आजोबांचे वडील पलटणीत होते' ही आठवण आपल्याकडे सर्रास आढळते. परंतु शोध सुरू झाला की आपणांस हवा असतो तो कोरेगावच्या विजयस्तंभावरील वीर. १ जानेवारी १८१८ च्या त्या लढाईचा आणि १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे दिलेल्या भेटीचा अभिमान आम्हांसही आहे. मात्र स्तंभावर नाव कोरले गेले असे आपले पूर्वज थोडे. ज्यांचे नाव कोठेच कोरले गेले नाही असे अगणित. आमचे म्हणणे या दुसऱ्यांविषयी आहे.

आमच्या घरी पणजोबांचे एक पदक आहे. पहिल्या महायुद्धातील सेवेबद्दल ब्रिटिश सरकारने दिलेले हे युद्धपदक. लढाऊ शिपायास ते चांदीचे मिळे. हमाल-मजुरांच्या तुकड्यांतील माणसांना तेच पदक, तोच छाप, पण कांस्याचा. आमच्या पणजोबांचे पदक कांस्याचे आहे. अशा पदकाच्या काठावर नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेले असते. वर्षानुवर्षे सणासुदीला चिंचेने घासून लखलखीत केल्यामुळे आमच्या पदकाची अक्षरे झिजली आहेत, तरी भिंगाखाली 'लेबर' हा शब्द लागतो. नाव लागते, त्याच्या शेवटचे 'नाक' लागते. आडनाव नाही.

ही हकिकत स्मरणिकेत लिहावी असे ठरले तेव्हा घरातील एका वडीलधाऱ्यांनी सुचविले, "शिपाई असेच लिहा. हमाल कशाला? आणि ते 'नाक' तर मुळीच नको; १९५६ साली आपण ते सारे टाकून दिले." त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगूनही आम्हांस हा सल्ला मान्य नाही.

पणजोबा हमाल म्हणून का गेले? १८९० नंतरच्या दशकात सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली होती. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकर झटले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली विनंतीअर्ज केला. युद्धाची निकड भासली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ साली मोडली गेली. पुढे बाबासाहेबांच्या प्रयत्नांना यश येऊन १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावी महार रेजिमेंट स्थापन झाली. पणजोबा गेले ते १९१६ साली. त्या वेळी बंदुकीचा दरवाजा त्यांना बंद होता, ओझ्याचा उघडा होता. त्यांना शिपाई म्हणणे म्हणजे तो बंद दरवाजा आपल्याच हाताने इतिहासातून काढून टाकणे होय.

ते बसऱ्यास होते. परतले तेव्हा तिशीच्या आत तोंडात दात राहिले नव्हते आणि 'बसऱ्याचे पाणी बाधले' असे घरात सांगितले जाई. १९१६ साली मेसोपोटेमियात ताज्या भाजीपाल्याअभावी भारतीय माणसांमध्ये स्कर्व्ही मोठ्या प्रमाणावर पसरला होता. हिरड्या सुजून दात गळणे हे त्याचे लक्षण. शंभर वर्षांनंतरच्या रोगनिदानाची खात्री कोणताच डॉक्टर देणार नाही, परंतु पाण्यापेक्षा शिध्याचा दोष आम्हांस अधिक संभवनीय वाटतो. कुटुंबातील असल्या सामान्य आठवणी म्हणूनच टिपून ठेवाव्यात. तलवारीच्या जखमेची गोष्ट प्रत्येक घरात असते, दातांची कोणी लिहीत नाही.

कागदपत्रांकडून फार अपेक्षा ठेवू नये. साध्या भारतीय शिपायांच्या सेवेच्या नोंदी लंडनच्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आलेल्याच नाहीत. १९२९ साली उभारलेल्या बसरा स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे आहेत. भारतीयांपैकी केवळ अधिकाऱ्यांची नावे कोरली आणि बाकीच्यांची पलटणवार संख्या दिली. शतकापूर्वीच्या कोरेगावच्या स्तंभास जे जमले ते येथे जमले नाही! कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने या विषमतेबद्दल २०२१ साली क्षमा मागितली. आपल्या गावोगावच्या संगमरवरी पाट्यांवरही 'या गावातून इतके गेले, इतके परतले नाहीत' एवढेच असते. पंजाबची गोष्ट वेगळी. तेथील सुमारे ३,२०,००० सैनिकांच्या गाववार नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात सापडल्या आणि २०२१ पासून येथील पंजाबी कुटुंबे त्यांत आपले गाव शोधू लागली आहेत. आपल्यासाठी असे काम कोणी आयते करून ठेवील या आशेवर बसणे आम्हांस परवडणारे नाही.

ज्या थोड्या नोंदी आहेत त्यांत आजचे आडनाव शोधून काहीही हाती लागत नाही. तेथे 'महार' शोधावे लागते, जुन्या मुंबई लष्कराच्या कागदांत 'परवारी' शोधावे लागते, 'नाक' शोधावे लागते. धम्मदीक्षेने ती ओळख आपण नाकारली, ते योग्यच केले. पण पणजोबांना ती नाकारण्याची संधी मिळाली नव्हती आणि सरकारी दप्तरात ते अजून त्याच नावाने उभे आहेत. ते नाव घरातल्या एका वहीत, गाव-तालुक्यासह लिहून ठेवल्याने कोणाचा धम्म बाटत नाही. गावाकडे अजून ज्यांना ते ठाऊक आहे ती माणसे ऐंशीच्या पुढे गेली आहेत; या उन्हाळ्यात भारतात जाणाऱ्यांनी त्यांच्याशी बोलून यावे.

आणि पदके चिंचेने घासणे थांबवावे. येत्या भीमजयंतीच्या कार्यक्रमास ज्यांच्याकडे पदक असेल त्यांनी ते जसे आहे तसे, काळवंडलेले असले तरी, घेऊन यावे. काठावरील अक्षरांचा पेन्सिलीने पातळ कागदावर ठसा घेण्याची व्यवस्था आम्ही सभागृहाच्या दाराशीच करणार आहोत.