हाती आलेला दिवस



बँकेत चौतीस वर्षे कर्जखाती सांभाळताना एक नियम अंगवळणी पडला होता. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. त्यामुळे वसुलीचे प्रयत्न थांबत नाहीत. मात्र येणे असलेले व्याज आगाऊ उत्पन्नात धरायचे नाही. प्रत्यक्ष हाती येईल तेवढेच जमेस धरायचे. हा नियम घरातही उपयोगी पडेल, असे तेव्हा वाटले नव्हते.

गेली दोन वर्षे माझ्या पत्नीचे डायलिसिस चालू आहे. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास. माझे मूत्रपिंड देण्याची माझी तयारी होती. परंतु माझ्या मधुमेहामुळे डॉक्टरांनी नकार दिला. प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत तिचे नाव आहे. आरंभी फोनची घंटा वाजली की मी धावत असे. फोन दुसऱ्याच कुणाचा निघाला की दिवसभर कुणाशी धड बोलत नसे. एकदा ती शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्ही त्या फोनची वाट पाहता, मी तर इथे तुमच्यासमोर बसले आहे."

त्या दिवशी माझी चूक ध्यानात आली. न आलेले उत्पन्न जमेस धरून मी हाती आलेला दिवस खर्ची टाकत होतो.

पर्युषणात तिला अठ्ठाई करावयाची होती. डॉक्टरांनी उपवासास मनाई केली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. वंदनास गेलो असता साध्वीजींनी समजावले, की बाह्य तपात केवळ अनशन नाही. ऊणोदरी आणि रसपरित्यागही आहेत. तेव्हापासून दिवसभराचे पाणी ती सकाळीच एका तांब्यात मोजून ठेवते. पथ्य तेच आहे. पण पचखाण घेतल्याप्रमाणे पाळते, म्हणून त्याचा जाच वाटत नाही.

चार तासांचा हिशेबही तिचाच. दोनशे चाळीस मिनिटे म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांची बरोबर पाच सामायिके! त्या खाटेवर विधी साधत नाही, हे ती जाणते. नवकार मात्र चालू असतो. मी शेजारी बसून स्तवन वाचतो. कधी रक्तदाब उतरतो, परिचारिका धावत येतात, आणि माझे वाचन तिथेच थांबते. भीती गेलेली नाही. अनित्यभावना वाचणे सोपे, हात धरून बसणे कठीण.

आशा सोडलेली नाही. तपासण्या वेळेवर होतात, फोन सतत जवळ असतो. परंतु रात्री मनातल्या रोजमेळात मी एवढेच लिहितो: आजचा दिवस जमा.

आपल्या परिचयात असे कुणी असेल, तर "सर्व ठीक होईल" एवढे सांगून परतू नका. एखादे सामायिक होईल इतका वेळ त्यांच्यापाशी बसा.