बैलाचं शेण पाहतो, आपलं पोट नाही



सकाळी गोठ्यात गेलो की पहिली नजर शेणावर जाते. पातळ असलं तर काल चाऱ्यात काय बदललं ते आठवतो. कोरडे गोळे असले तर पाणी कमी पडलं म्हणून समजतो. बैलानं रवंथ सोडला की लगेच जनावराच्या डॉक्टरला फोन. अन् स्वतःचं पोट चार दिवस साफ झालं नाही तर घरी बायकोलाही सांगत नाही!

आमच्या शेजारच्या वावरातला एक गडी, पन्नाशीचा. दीड वर्ष त्याला संडासातून रक्त जात होतं. उष्णता झाली, मूळव्याध आहे, असं म्हणत त्यानं पाटी लावून बसलेल्या एका वैदूकडून दोनदा इंजेक्शन घेतलं. वजन उतरलं, डवरा धरला की दम लागे. शेवटी अमरावतीला तपासलं तर गुदाशयात गाठ निघाली. कॅन्सर. ऑपरेशन झालं, पोटाला पिशवी लागली, दोन एकर गहाण पडलं. एवढ्या खालची गाठ बऱ्याचदा डॉक्टरच्या बोटाला लागते. ती दोन मिनिटांची तपासणी दीड वर्ष लाजेपायी राहिली.

रक्त जाणाऱ्या बहुतेकांना मूळव्याध नाहीतर फिशरच असते, हे खरं. पण ते डॉक्टरनं ठरवायचं, आपण नाही. रक्त शौचात मिसळून येत असेल, सवय महिनाभर बदललेली असेल, वजन घटत असेल, किंवा शौच डांबरासारखी काळी होत असेल, तर आपल्या अचलपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात जा अन् हिमोग्लोबिनही तपासून घ्या.

आता कृषीवाल्या मित्रांशी थोडं भांडतो. ज्वारी गेली, सोयाबीन आलं, म्हणून पोटं बिघडली, असं आपण भाषणात ठोकून देतो. ज्वारी जाण्याचं दुःख मलाही आहे, कडबाही तिच्यासोबतच गेला. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे आकडे पाहा. शंभर ग्रॅम ज्वारीत तंतू साधारण 10 ग्रॅम, कोंड्यासकट गव्हाच्या पिठात 11. मैद्यात अन् पांढऱ्या तांदळात 3 सुद्धा नाही. म्हणजे घोटाळा गव्हात नाही, चाळणीत आहे. कोंडा म्हशीला अन् मैद्याचं टोस्ट-बिस्कीट आपल्याला. अख्ख्या हरभऱ्यात तंतू 25 च्या आसपास असतात, तो आपण पोत्यानं विकतो अन् घरात घुगऱ्या सणालाच करतो.

इसबगोलाचं भूसं वाईट नाही, पण ते पाणी ओढून फुगतं. भरपूर पाण्याविना घेतलं तर उलट अडकून बसतं. तंतू अन् पाणी ही बैलजोडी आहे, एकाच्या खांद्यावर जू देऊन चालत नाही.

काहींचं सगळं तपासून रिपोर्ट चांगले येतात, तरी पोटात कळ, कधी जुलाब, कधी कडक. याला डॉक्टर आयबीएस म्हणतात. लोक म्हणतात, नाटक आहे. नाटक नाही बाप्पा. आतड्याच्या नसा मेंदूशी जोडलेल्या आहेत. कापसाचा भाव पडला की पोटात गोळा येतो, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही.

अन् कंबर दुखते म्हणून उपाशीपोटी गिळलेली दुखण्याची गोळी? तिनं जठराला जखम होते. मग वर ॲसिडिटीची गोळी, तीही वर्षानुवर्षं, कोणाला न विचारता.

सगळ्यात वाईट हाल वेचणीच्या बायांचे. सकाळी आठला येतात, संध्याकाळपर्यंत वावरात. पराटी कमरेएवढी, आडोसा कुठंच नाही. म्हणून त्या पाणीच पीत नाहीत अन् आलेलं दाबून धरतात. मग बद्धकोष्ठता, मूळव्याध, लघवीची जळजळ. बायांना कामाची शिस्त शिकवणारे आपण, हे कधी विचारतही नाही. मलाही माझ्या पोरीनं सांगितलं तेव्हा समजलं.

यंदा मोटारीच्या खोलीमागं खड्डा खोदला, चार बल्ल्या रोवल्या, जुनी हिरवी नेट गुंडाळली. बादली अन् साबण ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई म्हणाली, "भाऊ, ड्रम रिकामा झाला, पाणी भरून द्या." इतक्या वर्षांत तो ड्रम वेचणीत दुपारी कधी रिकामा झाला नव्हता.